काडतुसाच्या टोपीची कथा

दिवाळीच्या दिवसांत लहान मुलांच्या हातीं जें पत्र्याचें पिस्तूल येतें, त्यांत तांबड्या कागदाची एक अरुंद फीत गुंडाळून घातलेली असते. त्या फितीवर ठराविक अंतरानें दारूच्या टिकल्या असतात. घोडा ओढला कीं फीत एक घर पुढें सरकावी आणि घोडा पडला कीं टिकली वाजावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षांत फीत कधीं अर्धेंच घर सरकते, कधीं तिरपी होऊन अडकते, कधीं टिकली सादळलेली निघते. आणि शेवटीं मूल कंटाळून सबंध गुंडाळी दगडाखालीं ठेवतें व दुसऱ्या दगडानें एकदम ठेचतें. मग जो आवाज होतो त्यानें घरांतली आजी दचकून ओसरीवर येते. खऱ्या बंदुका करणारांच्या डोक्यावर गेलीं दोनशें वर्षें नेमकी हीच काळजी बसलेली आहे. टिकली वेळेवर जागेवर यावी, आलेली वाजावी, आणि वाजतांना तिनें शेजारणीला जागें करूं नये.

बंदुकीचें तत्त्व साधें आहे. बंद नळींत दारू पेटली कीं तिचा वायु होतो आणि तो गोळीला पुढें लोटतो. परंतु दारू आंत कोंडलेली व आग बाहेर, ही बाहेरची आग नेमक्या क्षणीं आंत पोंचवावयाची कशी, हें खरें कोडें. जुन्या तोडेदार बंदुकींत शिपायाजवळ जळती जामगी असे. नळीच्या बाजूस एक बारीक छिद्र, त्यास बंदुकीचा कान म्हणत. कानापाशीं एक लहानशी वाटी, आणि वाटींत चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक. जामगी रंजकेला टेकली कीं भडका उडे व तो कानांतून आंत शिरे. पाऊस आला कीं जामगी विझे, रात्रीं तिचा निखारा शत्रूला दिसे, आणि कमरेला दारूचा शिंगाडा बांधलेल्या माणसाच्या हातीं जळती दोरी असणें यांतला धोका सांगावयासच नको. पुढें जामगीच्या जागीं गारगोटी आली. घोड्याच्या जबड्यांत धरलेली गार पोलादावर घासून ठिणग्या पडत व त्या रंजकेवर झडत. जामगी गेली, पण वाटी राहिली व रंजकही राहिली. वाऱ्यानें रंजक उडावी, दंवानें ती भिजावी, गारेची धार बोथट व्हावी, असें नकटीच्या लग्नाला सतराशें विघ्नांसारखें या चापाचें चाले. सर्व कांहीं नीट जमलें तरीही आधीं वाटींत भडका, मग क्षणभर थांबणें, आणि मग बार, असा क्रम असे.

त्या क्षणभराच्या थांबण्यांतूनच पुढची सगळी कथा निघाली. स्कॉटलंडांत ॲबरडीनजवळ बेलहेल्वी म्हणून एक खेडें आहे. तेथील पाद्री अलेक्झांडर जॉन फोर्साइथ (१७६८–१८४३) यास दोन नाद होते. एक रसायनशास्त्राचा व दुसरा पाणपक्ष्यांच्या शिकारीचा. रंजकेचा भडका दिसतांच पांखरें बुडी मारीत अथवा उडून जात, आणि गोळी पोंचेपर्यंत तेथें नुसतें पाणी उरे. पाद्रीबोवांनीं प्रथम भडका झांकण्याचे उपाय करून पाहिले. मग त्यांच्या ध्यानांत आलें कीं भडका लपविण्यापेक्षां तो नाहींसाच करतां आला तर बरें.

त्या सुमारास रसायनशास्त्रांत एक नवें व भयंकर द्रव्य चर्चेंत होतें. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें १८०० सालीं पाऱ्याच्या फल्मिनेटाविषयींचा आपला निबंध रॉयल सोसायटीपुढें ठेविला होता. हें द्रव्य पेटविण्यास आग लागतच नाहीं. त्यावर हातोडीचा हलका आघात झाला तरी पुरे. प्रयोगांत स्वतः हॉवर्डही जखमी झाला. या द्रव्यानें दारूचीच जागा घ्यावी असें कित्येकांना वाटलें, पण तें इतकें अविचारी कीं गोळी ढकलण्याऐवजीं बंदूकच फोडून टाकी. फोर्साइथचें शहाणपण हें कीं, गोळी ढकलण्याचें काम त्यानें जुन्या दारूकडेच राहूं दिलें आणि या नव्या जातीच्या द्रव्याकडे केवळ ठिणगी देण्याचें काम सोंपविलें. घोड्याच्या आघातानें द्रव्याचा एक कण फुटावा, त्याची आग कानांतून आंत जावी. गार नको, वाटी नको, रंजक नको.

आतां दर बाराला हा एक कण जागेवर आणावयाचा कसा? फोर्साइथनें बंदुकीच्या बाजूस एक लहानशी फिरती कुपी बसविली. तिचा आकार अत्तराच्या कुपीसारखा असल्यानें तिला तेंच नांव पडलें. कुपीच्या एका अंगाला द्रव्याचा सांठा, दुसऱ्या अंगाला आघात घेणारी खुंटी. कुपी उलटी फिरविली कीं सांठ्यांतून चिमूटभर द्रव्य कानापाशीं पडे. पुन्हां सुलटी केली कीं सांठा दूर जाई व खुंटी त्या चिमटीवर येई. मग घोडा पडे. या रचनेंत एक गोष्ट फार खोल विचाराची आहे. ज्या क्षणीं आघात व्हावयाचा, त्या क्षणीं सांठा आघाताच्या जागेपासून वळवून दूर नेलेला असतो. पुढच्या काळांतील अनेक हुशार कारागीर ही गोष्ट विसरले आणि त्याची किंमत कोणीतरी बोटांनीं वा डोळ्यांनीं दिली.

फोर्साइथ १८०६ सालीं आपला चाप घेऊन लंडनला गेला. इंग्लंडच्या तोफखान्याचा मुख्य अधिकारी तेव्हां लॉर्ड मोयरा होता. त्यानें पाद्रीबोवांना लंडनच्या मनोऱ्यांत प्रयोगासाठीं जागा दिली. पण १८०७ सालीं मोयराच्या जागीं लॉर्ड चॅटम आला व त्यानें फोर्साइथला आपलें सामान उचलून चालते होण्यास सांगितलें. त्याच वर्षीं ११ एप्रिल रोजीं फोर्साइथनें आपल्या चापाचें पेटंट घेतलें. हा लॉर्ड मोयरा महाराष्ट्राला दुसऱ्या नांवानें चांगला परिचित आहे. १८१३ सालीं गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानांत आलेला, व ज्याच्या कारकीर्दींत १८१८ सालीं पेशवाई बुडाली, तो लॉर्ड हेस्टिंग्ज तो हाच. नव्या चापाचा पहिला आश्रयदाता तो, पण ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या माळावर त्याच्या कंपनीच्या पलटणी लढल्या त्या मात्र जुन्या गारगोटीच्या बंदुकांनींच.

कुपी हुशारीची होती, पण महाग व नाजूक होती. तिचें कोडें सोडविलें तें एका अत्यंत क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूनें. तांब्याच्या पातळ पत्र्याची एक इवलीशी टोपी करावयाची, तिच्या आंतल्या बाजूस फल्मिनेटाचा कण चिकटवावयाचा, आणि बंदुकीच्या कानावर बसविलेल्या पोकळ खुंटीवर ती टोपी चढवावयाची. ही युक्ति पहिल्यानें कोणाला सुचली याविषयीं पुष्कळ वाद झाले. इंग्लंडांतून अमेरिकेंत गेलेला चित्रकार जोशुआ शॉ यानें त्या मानावर आग्रहानें हक्क सांगितला. लंडनच्या नामांकित बंदूकवाल्यांपैकींही कित्येकांनीं सांगितला. वाद मिटो वा न मिटो, ठिणगी प्रथमच एकेकटी झाली, तिला स्वतःचें घर मिळालें. पिशवींतून एक काढावी, चढवावी, संपली कीं फेंकून द्यावी.

सरकारी खातीं कोणतीही नवी वस्तु लवकर घेत नाहींत. इंग्लंडच्या सैन्यानें टोपीची कसून परीक्षा घेतली ती १८३४ सालीं वुलिच येथें. दोन्ही जातींच्या बंदुकांनीं प्रत्येकीं ६,००० बार काढण्यांत आले. गारगोटीची बंदूक ९२२ वेळां फुकट गेली, टोपीची अवघी ३६ वेळां. सहा-सात बारांत एक वायां जाणें आणि दीडशेंहून अधिक बारांत एक वायां जाणें यांतला फरक हिशेबाच्या वहींत मोठा दिसतोच. पण तो माणसाच्या जिवाला किती लागतो हें सात वर्षांनीं चीनमध्यें दिसून आलें. ३० मे १८४१ रोजीं कॅन्टनजवळ मुसळधार पाऊस लागला असतां मद्रासच्या ३७ व्या देशी पायदळाची एक तुकडी मुख्य सैन्यापासून चुकली. हजारों भालेवाल्या गांवकऱ्यांनीं तिला घेरलें. शिपायांच्या गारगोटीच्या बंदुका भिजून निकामी झाल्या होत्या. त्यांनीं चौकोन बांधून केवळ संगिनींवर तास न् तास काढले. एक शिपाई मारला गेला व कांहीं जखमी झाले. शेवटीं आरमारी सैनिकांच्या दोन तुकड्या त्यांच्या शोधार्थ निघाल्या. त्यांच्याजवळ टोपीच्या बंदुका होत्या आणि त्या तशाच पावसांत वाजल्या. साहेबाच्या सैनिकाला नवी बंदूक व देशी शिपायाला जुनी, ही वांटणी कोणाच्या डोक्यांतून निघाली होती तें पावसानें विचारलें नाहीं.

टोपीनें ठिणगी भरंवशाची केली, पण एक नवाच प्रश्न उभा केला, तो बोटांचा. टोपी वाटाण्याहूनही लहान. थंडीनें बधिर झालेल्या, घामानें ओल्या झालेल्या, भीतीनें कांपणाऱ्या बोटांनीं ती पिशवींतून एकटी काढून खुंटीवर बसविणें सोपें नव्हे. म्हणून शिपायाच्या टोप्यांच्या पिशवीला आंतून मेंढीच्या लोंकरीचें अस्तर लावीत, म्हणजे धांवतांना टोप्या सांडूं नयेत. शिकाऱ्यांसाठीं पितळेचीं लहान साधनें निघालीं. कांहीं सरळ पट्टीसारखीं, कांहीं गोगलगाईच्या शंखासारखीं वळलेलीं. त्यांत टोप्या रांगेनें भरावयाच्या; आंतली कमान त्यांना एकामागून एक तोंडाशीं ढकली. अमेरिकेच्या यादवी युद्धांत, १८६१ ते १८६५ या काळांत, उत्तरेकडील कारखाने शिपायाला दहा काडतुसांचें पुडकें देत आणि त्याच पुडक्यांत टोप्या मात्र बारा घालीत. दोन टोप्या हातांतून पडणार अथवा फुकट जाणार, हें सरकारनेंच आधीं मान्य केलेलें होतें. १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून २७,५७४ बंदुका गोळा केल्या गेल्या. त्यांपैकीं सुमारें २४,००० भरलेल्या निघाल्या, आणि कित्येकींत तर एकावर एक असे अनेक बार ठासलेले होते. त्याचीं कारणें अनेक सांगतात. गर्दींत टोपी चढवावयाचीच राहून गेली, बार उडाला नाहीं हें शिपायाला कळलें नाहीं, व त्यानें त्यावर दुसरा बार ठासला, हें त्यांपैकीं एक.

तेव्हां बोटांना या कामांतून सोडवावें असें यंत्र करणारांना वाटणें स्वाभाविक होतें. वॉशिंग्टन येथील एक दंतवैद्य, एडवर्ड मेनार्ड, यानें १८४५ सालीं जें पेटंट घेतलें तें दिवाळीच्या पिस्तुलाचें सख्खें पूर्वज आहे. दोन कागदी पट्ट्यांच्या मध्यें फल्मिनेटाच्या टिकल्या, वरून रोगण, आणि ती फीत बंदुकीच्या चापांत गुंडाळलेली. घोडा ओढतांच फीत एक घर पुढें येई. अमेरिकेच्या सरकारनें १८५५ सालच्या नव्या सैनिकी बंदुकीस हाच चाप लाविला. कागद शेवटीं कागदच. दमट हवेंत फीत सादळे, चिखलांत तिचें चाक अडके. म्हणून १८६१ सालच्या बंदुकीवरून ती काढून टाकण्यांत आली आणि शिपायाचीं बोटें पुन्हां कामाला लागलीं. ख्रिश्चन शार्प्स याच्या बंदुकींत दुसरीच युक्ति होती. चापाच्या आंत एका बारीक नळींत द्रव्याच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असत. घोडा खालीं येत असतांच वरची चकती पुढें भिरकावली जाई व खुंटी आणि घोडा यांच्यामध्यें सांपडे. नळींत उतरंड रचावयाची व तींतून एक एक काढावयाची, ही कल्पना येथून पुढें पुन्हां पुन्हां भेटते.

ह्या टोप्या करणारीं माणसें कोण, हें लढायांच्या इतिहासांत येत नाहीं. इंग्लंडांत हा धंदा मुख्यतः बर्मिंगहॅममध्यें चाले, आणि त्यांत बायका व मुली फार. बोटें लहान व हलकीं, मजुरी त्याहून हलकी. शहराच्या भर वस्तींत, माड्यांवर, हजारों टोप्यांचे ढीग जवळजवळ ठेवून त्यांत ओलें द्रव्य भरीत व तें वाळवीत. १८५९ सालीं तेथील व्हिटॉल स्ट्रीटमधला असाच एक कारखाना उडाला आणि डझनाहून अधिक माणसें मेलीं, बहुतेक बायका व पोरी. १८६२ सालीं त्याच शहरांत दुसरा उडाला. एक टोपी बोटाला चटका देऊन गप्प बसते. दहा हजार टोप्या एकमेकींना जाग्या करतात व इमारत खालीं आणतात. अशा अपघातांच्या माळेनंतर १८७५ सालीं इंग्लंडांत स्फोटक द्रव्यांचा कायदा झाला. त्याचा गाभा अगदीं साधा होता. काम करणाऱ्याजवळ एका वेळीं थोडाच माल असावा, खोल्या एकमेकींपासून दूर असाव्यात, आणि एका ठिकाणची आग दुसऱ्या ठिकाणीं पोंचूं नये. फोर्साइथनें आपल्या कुपींत जें केलें होतें, तेंच आतां कारखान्याच्या भिंतींना लागू झालें.

दरम्यान टोपीनें जागा बदलली. १८६० नंतरच्या दशकांत धातूचें काडतूस आलें. दारू, गोळी व ठिणगी ही तिन्ही एकाच पितळी कवचांत बसलीं आणि टोपी काडतुसाच्या बुडाशीं एका खळग्यांत जाऊन राहिली. तिलाच आतां प्राइमर म्हणूं लागले. बंदुकीची सुई बाहेरून वाटीचा तळ दाबते, आंत एक बारीकशी ऐरण असते, आणि सुई व ऐरण यांच्यामध्यें द्रव्याचा कण चिरडतो. ही ऐरण कोठें असावी याचीं दोन उत्तरें एकाच काळांत, १८६६ सालीं, निघालीं. वुलिचच्या सरकारी प्रयोगशाळेचा प्रमुख कर्नल बॉक्सर यानें ऐरण टोपीच्या पोटांत ठेविली व खळग्याच्या मध्यें एकच छिद्र ठेविलें. अमेरिकेचा हायरम बर्डन यानें ऐरण काडतुसाच्या कवचांतच घडविली व तिच्या दोन्ही बाजूंस दोन बारीक छिद्रें केलीं. गंमत अशी कीं पुढें इंग्रजाची पद्धत अमेरिकेनें उचलली आणि अमेरिकनाची युरोपांतील बहुतेक सैन्यांनीं.

ही बाब कारागिरांपुरतीच वाटेल, पण तिच्यावर एक सबंध घरगुती उद्योग उभा राहिला. बॉक्सरच्या काडतुसांतलें छिद्र मधोमध असल्यामुळें आंतून एक साधी सळई घातली कीं जळकी टोपी बाहेर पडते, तिच्या जागीं नवी बसवितां येते, आणि पितळी कवच पुन्हां भरतां येतें. बर्डनच्या काडतुसांत हें काम फार खटपटीचें. १८७० नंतर अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळांवर गवे मारीत हिंडणारे शिकारी दिवसा काडतुसें उडवीत व रात्रीं शेकोटीजवळ बसून तींच पुन्हां भरीत. शहर शेंकडों मैल दूर, आणि पितळ महाग. १८८४ सालीं जॉन बार्लो यानें न्यू हेवन येथें यासाठीं लागणारीं हत्यारें करण्याचा कारखाना काढला. त्याचें हत्यार अडकित्त्याच्या घाटाचें होतें. त्याच्या एका जबड्यांत कवच धरावें, दुसऱ्यांत बोटानें एक टोपी ठेवावी आणि दाबावें. वेग बेताचाच, पण चुकून टोपी वाजलीच तर ती एकटीच वाजे.

टोपी घरीं बसविणाऱ्या माणसावर जी जबाबदारी येते ती येथें सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून पुढील यंत्रांचा अर्थ कळणार नाहीं. टोपी खळग्याच्या तळापर्यंत गेली नाहीं, अधांतरीं राहिली, तर सुईचा आघात तिला आंत ढकलण्यांतच खर्ची पडतो आणि बार उडत नाहीं. ती काडतुसाच्या बुडाबाहेर केंसभर डोकावत राहिली, तर आपोआप भरणाऱ्या बंदुकींत दस्ता पूर्ण बंद होण्याआधींच ती आपटून पेटूं शकते, आणि मग काडतूस भरणाऱ्याच्या तोंडाशीं फुटतें. एक आळसाची चूक, एक घाईची. सैन्याच्या काडतुसांत टोपी निसटूं नये म्हणून खळग्याची कड आंत दाबलेली असते. ती कड न काढतां नवी टोपी जोरानें रेटली कीं ती तिरपी होते व चिरडते. ज्याचा हात अडखळतांच थांबतो तो या कामास लायक, असें जुने जाणते भरणारे मानीत आले.

टोपीच्या पोटांतलें द्रव्यही मध्यंतरीं दोनदां बदललें. काळ्या दारूच्या राखेंत पारा मिसळून निघून जाई. पण धूरविरहित दारू आल्यावर तो पितळांत मुरूं लागला व तेंच कवच दुसऱ्या खेपेस भरतांना तडकूं लागलें. अमेरिकेच्या सरकारी कारखान्यानें १८९८ च्या सुमारास पारा सोडून क्लोरेटाचें मिश्रण घेतलें. पितळ वांचलें, पण नळ्या गंजूं लागल्या. नळी कितीही पुसली तरी गंज येई व लोक दारूला दोष देत. जळलेल्या क्लोरेटांतून एक प्रकारचें मीठ नळींत राहतें आणि तें हवेंतलें पाणी ओढून घेतें, हें १९२२ सालीं तेथील खाणखात्यांतील रसायनशास्त्रज्ञानें सिद्ध केलें. कोंकणांत मिठाच्या पिशवीशेजारीं ठेविलेल्या विळीची गत ज्यानें पाहिली असेल त्यास हें सिद्ध करून दाखविण्याची गरज पडली नसती. १९२७–२८ मध्यें जर्मनी व अमेरिका येथें न गंजविणारीं मिश्रणें निघालीं. त्यांत शिशाचा क्षार असतो, आणि आतां त्या शिशाच्या धुराविषयीं काळजी वाहिली जात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत घरीं काडतुसें भरण्याचा छंद झपाट्यानें पसरला. युद्धांतून परतलेले तरुण, स्वस्त मिळणारा सरकारी दारूगोळा, आणि गॅरेजांतलें एक बांक एवढ्यावर तो उभा राहिला. १९५१ सालीं आयडाहो संस्थानांत तर केवळ या छांदिष्टांना टोप्या पुरविण्यासाठीं एक कारखाना निघाला. पुढें दांडा एकदां खालीं ओढला कीं चार कामें एकदम करणारीं यंत्रें घराघरांत आलीं, आणि टोपी बोटानें ठेवणें परवडेना. तेव्हां शार्प्सची ती नळी परत आली. शंभर टोप्या एकीवर एक, मडक्यांच्या उतरंडीप्रमाणें, एका उभ्या नळींत रचावयाच्या व खालून एक एक काढावयाची.

या उतरंडींत प्रत्येकीच्या द्रव्याच्या अंगाला दुसरीची पाठ टेकलेली असते. मोठी टोपी सव्वापांच मिलिमीटरांच्या आसपास रुंद, लहान साडेचारांहून किंचित कमी. आंतलें द्रव्य ग्रॅमच्या शतांशांत मोजावें इतकें. पण खालची एक चिरडून पेटली आणि तिची ज्वाला नळींत शिरली तर शंभरही एका क्षणांत जातात. नळी मग नळी राहत नाहीं. तिचे तुकडे होतात. अशा अपघातांत छताला भोंकें पडलीं आहेत, बोटें गेलीं आहेत, आणि चष्मा लावला होता म्हणून डोळे वांचले आहेत. म्हणून चांगल्या यंत्रांत टोपी दाबून बसविण्याची जागा व उतरंड एकमेकींपासून दूर असतात. सरकती पट्टी उतरंडीखालून एकच टोपी उचलते व बाजूला नेऊन सोडते. नळीभोंवतीं जाड पोलादी कवच असतें, वरचें तोंड मोकळें; अनर्थ झालाच तर त्याची वाट माणसाकडे नसावी, आढ्याकडे असावी. नळींत टोप्यांची बारीक भुकटी सांचते व ती टोपीइतकीच चिडखोर असते, म्हणून नळी वेळोवेळीं पुसावी लागते. नळी अडली तर तींत तार खुपसून टोंचणें हा सर्वांत सोपा उपाय आणि सर्वांत वाईट.

टोप्या विकत येतात त्या पुडक्याकडे कोणी फारसें पाहत नाहीं. त्यांत प्रत्येक टोपीला स्वतःचा खण असतो, आणि हें केवळ मोजणीच्या सोयीसाठीं नसतें. एक पेटली तरी शेजारच्या पेटूं नयेत इतकें अंतर त्या खणांत राखलेलें असतें, व त्या पुडक्यांत आहेत तोंवरच त्या रेल्वेनें व मोटारीनें कमी धोक्याचा माल म्हणून जातात. त्याच टोप्या बरणींत एकत्र ओतल्या तर ती बरणी लहानसा बाँब होते. अमेरिकेंतील अग्निसुरक्षेच्या नमुना-नियमांत घरीं दहा हजारांहून अधिक टोप्या ठेवूं नयेत अशी मर्यादा आहे. २०२० नंतर तेथें टोप्यांची टंचाई झाली, तेव्हां ती मर्यादा किती घरांत पाळली गेली हें कोणी मोजलें नसेल.

शिवाय उतरंडीला कंटाळलेल्या एका कारखान्यानें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत निराळीच तोड काढली. प्लास्टिकच्या लवचिक पट्टींत २५ टोप्या, प्रत्येक वेगळ्या घरांत. पट्टी यंत्रांतून एकेक घर पुढें सरकते. दंतवैद्य मेनार्डची फीत दीडशें वर्षांनीं, कागद टाकून, परत आली.

भारतांत हा घरगुती उद्योग रुजला नाहीं. १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें काडतुसें करण्यास परवाना लागतो, आणि तें काम मुख्यतः सरकारी कारखान्यांत चालत आलें. त्यांपैकीं एक फार जुना कारखाना १८६९ सालापासून पुण्याजवळ खडकीस आहे. १८१७ सालीं मराठ्यांच्या व कंपनीच्या बंदुका ज्या परिसरांत वाजल्या, तोच हा परिसर. परंतु टोपी बोटानें बसविण्याची जुनी रीत महाराष्ट्रांतून गेलेली नाहीं. कोंकणांत शेतीच्या राखणीसाठीं परवान्यानें बाळगलेल्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत. भात पोटरींत आलें, डुकरें उतरूं लागलीं, कीं शेतकरी संध्याकाळीं माळ्यावर चढतो. नळींत दारू व छर्रे गजानें ठासतो, चापावर पावसापासून राखण्यासाठीं फडकें गुंडाळतो, आणि केपांची डबी मात्र बंदुकीपासून दूर, दुसऱ्या खिशांत ठेवतो. वेळ आली कीं फडकें सोडावयाचें, डबींतून एकच केप चिमटींत घ्यावयाची, डबी पुन्हां बंद करावयाची, आणि मग ती केप आंगठ्यानें खुंटीवर बसवावयाची.